उन्हाळी शिबिराच्या हंगामाचा शेवटचा दिवस : पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भंडारदऱ्याच्या जलाशयापासून थोड्या अंतरावर दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचे निवासी शिबिर भरते. एप्रिलच्या अखेरीपासून तीन तुकड्या होतात. त्यांपैकी १६ ते २४ मे या काळातील तिसरी तुकडी ही हंगामातील शेवटची असते आणि तिचा समारोप पहिल्या दोन तुकड्यांपेक्षा वेगळा होतो, कारण त्या दिवशी मुलांबरोबर संपूर्ण तळही उठतो. या एका दिवसाविषयी पालकांचे जे प्रश्न दरवर्षी येतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

शाळा जूनच्या मध्यात सुरू होतात, मग शेवटची तुकडी २४ मे रोजीच का संपते?

आमचा हंगाम शाळांच्या वेळापत्रकावर नव्हे, तर शेतीवर ठरतो. शिबिराचा स्वयंपाक करणाऱ्या मावशी, डोंगरावर मुलांना घेऊन जाणारे दादा, तंबू उभारणारी आणि पाणी भरणारी मंडळी ही सर्व अकोले तालुक्यातील आसपासच्या वाड्यांमधील शेतकरी कुटुंबांतील आहेत. २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागते आणि भाताच्या खाचरांची कामे अंगावर येतात. भाजलेल्या राबावर, म्हणजे पालापाचोळा जाळून रोपांसाठी तयार केलेल्या वाफ्यावर, बियाणे टाकायचे असते, बांध सावरायचे असतात, घर शाकारायचे असते आणि चार महिने पुरेल इतके सरपण कोरडे असतानाच आत घ्यायचे असते. ज्या माणसांच्या भरवशावर आम्ही तुमची मुले नऊ दिवस सांभाळतो, त्यांना पेरणीच्या तोंडावर अडकवून ठेवणे आम्हाला योग्य वाटत नाही.

दुसरे कारण पावसाचे आहे. पूर्वी आम्ही ३० मेपर्यंत थांबत असू. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, परंतु २०२५ साली तो २६ मे रोजीच तेथे दाखल झाला आणि त्याआधीचा आठवडाही पावसाचाच गेला. त्या वर्षी शेवटच्या तुकडीला आम्ही एका रात्रीत तंबूंमधून हलवून गावातील समाजमंदिरात नेले आणि समारोप ओल्या सतरंज्यांवर झाला. कोणत्याही मुलाला इजा झाली नाही. तरीही तो निर्णय आम्ही उशिरा घेतला होता, हे आम्ही त्याच वेळी पालकांना कळवले आणि पुढच्या वर्षापासून तारीख अलीकडे आणली.

शेवटच्या दिवशी नेमके काय काय होते?

मुले साडेपाचला उठतात. दूध किंवा चहा घेऊन प्रत्येक जण आपली सॅक भरतो आणि सातच्या आत तंबू पूर्ण रिकामा होतो. रिकामे तंबू लगेच गुंडाळले जात नाहीत. जलाशयाच्या बाजूने रात्री गारवा येतो आणि तंबूखालच्या ताडपत्रीला आतून दमटपणा धरतो. तशीच घडी घातली, तर पावसाळा संपेपर्यंत कापडावर बुरशी चढते आणि शिवणी कुजतात. म्हणून तंबू उलटे करून दीड-दोन तास उन्हात टाकतात आणि तोवर पोहे किंवा उपमा होतो. नऊनंतर घड्या घालणे, खुंट्या मोजणे, दोऱ्यांची वेटोळी करणे आणि भांडी घासून, पुसून, मोजून पेटीत भरणे ही कामे गटागटाने चालतात. साडेअकराला पंगत बसते. साडेबाराला सगळे मोकळ्या झालेल्या मैदानावर गोलात बसतात. तेथे प्रमाणपत्रे नसतात, पारितोषिके नसतात. ज्याला बोलायचे असेल, तो बोलतो. दीड वाजल्यापासून मुले पालकांच्या ताब्यात दिली जातात.

आदल्या दिवशी संध्याकाळी किंवा त्याच दिवशी सकाळी लवकर न्यायला आलो तर चालेल का?

आजारपण किंवा घरातील गंभीर अडचण वगळता, नाही. ही विनंती सर्वांत जास्त वेळा येते. गर्दीच्या आधी घाट उतरावा, सोमवारी कार्यालय आहे, रात्रीच्या गाडीचे आरक्षण आहे, ही कारणे आम्हाला समजतात. तरीही नकार द्यावा लागतो आणि त्यामागचे कारण आम्ही मनापासून मांडू इच्छितो.

नऊ दिवसांत आठ-दहा मुलांचा गट तयार होतो. त्यात भांडणे झालेली असतात, समेट झालेले असतात, कोणी कोणाची सॅक कळसूबाईच्या शेवटच्या शिडीपर्यंत वाहून नेलेली असते. अशा गटातून एक मूल सकाळी आठला उचलून नेले, की उरलेल्यांचे लक्ष उडते. प्रत्येक जण रस्त्याकडे पाहू लागतो आणि गाडीचा आवाज आला, की हातातील काम खाली ठेवतो. एका वर्षी आम्ही तीन कुटुंबांना सकाळची परवानगी दिली होती. दहा वाजेपर्यंत निम्मा तळ रिकामा झाला, पंगतीत ओळीच्या ओळी मोकळ्या राहिल्या आणि ज्या मुलांचे पालक ठरलेल्या वेळी येणार होते, ती स्वतःला मागे राहिलेली समजू लागली. नेलेल्या मुलांपैकी एकाने पुढे आम्हाला पत्र लिहून विचारले, की आमच्या तंबूच्या बारा खुंट्या सापडल्या का? आदल्या रात्री अकराच मोजल्या होत्या आणि बारावी शोधण्याचे काम त्याच्याकडे होते. ती त्याच्या मित्रांना सापडली होती, पण त्या वेळी तो घाटात होता.

आपल्याला दीडची वेळ पाळणे अशक्य असेल, तर कृपया आधीची तुकडी निवडावी.

आम्ही शिबिराचे शुल्क भरतो. मग तळ आवरण्याचे काम मुलांकडून का करून घेतले जाते?

हा प्रश्न काही पालक संकोचाने विचारतात. त्यांनी संकोच करू नये, कारण प्रश्न रास्त आहे. तळ पूर्णपणे मुले आवरत नाहीत. जड सामान, गॅसच्या टाक्या, पाण्याच्या टाक्या आणि स्वच्छतागृहांचे काम मोठी माणसेच करतात. मुलांकडे त्यांनी स्वतः वापरलेल्या गोष्टी येतात : त्यांचा तंबू, त्यांची ताटे, त्यांची शेकोटी.

शेकोटीचेच उदाहरण घ्या. मोठ्या मैदानाच्या कडेला दगडांचे एक वर्तुळ असते. शेवटच्या सकाळी राख पूर्ण विझली आहे की नाही, हे आधी हाताचा मागचा भाग जवळ नेऊन आणि मग पाणी ओतून पाहतात. दगड जेथून आणले, तेथे परत ठेवले जातात आणि काळवंडलेली बाजू जमिनीकडे केली जाते. पाणी ओतण्याआधी बाजूला काढलेली कोरडी राख मुले जुन्या सुती कापडातून चाळतात. कोळशाचे तुकडे वर राहतात आणि खाली मैद्यासारखी मऊ, करडी राख जमते. ती मावशी डब्यात भरून घरी नेतात. वाल, घेवडा, चवळी यांचे बियाणे राखेत कालवून ठेवले, की त्याला सहसा कीड लागत नाही. याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपण्याच्या कामासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, हे मुलांनी वाचलेले असते. ज्या शेकोटीभोवती आपण गाणी म्हटली, तिची राख कोणाच्या तरी परसातील वेलासाठी बी राखणार आहे, हे मात्र ती हाताने राख चाळतानाच शिकतात. माझ्या मते पूर्ण शिबिरातील हा सर्वांत मोलाचा अर्धा तास आहे, आणि तो चुकू नये म्हणूनही आम्ही सकाळी लवकर न्यायला येऊ नका असे सांगतो.

तंबू उचलताना विंचू-सापाचा धोका नसतो का?

असतो, आणि त्यामुळेच त्याची शिस्त आहे. उन्हाळ्यात ताडपत्रीखालचा गारवा विंचवांना आवडतो. म्हणून तंबूची खालची बाजू प्रथम दादाच उचलतात आणि तीही लांब काठीने, आपल्यापासून पलीकडची कड आधी वर करून. जागा नीट पाहून झाल्यावरच मुले पुढे येतात. त्या दिवशी चपला किंवा सँडल चालत नाहीत. सर्वांच्या पायात बंद बूट असावे लागतात आणि ते झटकून घातले जातात. सॅक जमिनीवर उघडी ठेवू दिली जात नाही. दंश झालाच, तर घरगुती उपायात वेळ न घालवता राजूरच्या सरकारी रुग्णालयात नेण्यासाठी एक वाहन सकाळपासून तयार उभे असते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाच्या साहाय्याने विंचूदंशावरील उपचारांना जी दिशा दिली, तिच्यामुळे वेळेत पोहोचलेला रुग्ण वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढली आहे. येथे वेळेला सर्वाधिक महत्त्व आहे.

शेवटच्या रात्री काजवे दिसतील का?

याची हमी आम्ही देत नाही. काजव्यांचा बहर साधारणपणे मेच्या उत्तरार्धात, वळिवाच्या एक-दोन सरी पडून गेल्यावर सुरू होतो आणि मोसमी पाऊस जोरात लागेपर्यंत टिकतो. २३ मेच्या रात्री काही वर्षी हिरडा, बेहडा, सादडा आणि जांभळाची झाडे बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका लयीत उजळताना दिसली आहेत, तर काही वर्षी झुडपात केवळ दोन-चार ठिपके.

दिसले, तर कसे पाहावे, हे आम्ही मुलांना आदल्या दिवशी सांगतो. काजव्याचा प्रकाश ही त्याची जोडीदाराला दिलेली साद असते. त्याच्या पोटातील ल्युसिफेरिन या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि उष्णता जवळजवळ न निर्माण होता थंड उजेड पडतो. पूर्ण वाढ झाल्यावर त्याला थोडेच आठवडे मिळतात. तेवढ्या काळात आपण टॉर्च मारली किंवा गाडीचे दिवे चालू ठेवले, तर ती साद पोहोचत नाही. शिवाय माद्या आणि अळ्या जमिनीलगत, गवतात असतात, त्यामुळे पायवाट सोडून चालले, की त्या चिरडल्या जातात. म्हणून आम्ही तळाच्या कुंपणाबाहेर जात नाही, टॉर्चवर लाल कागद लावतो, बाटलीत काजवे भरू देत नाही आणि त्या रात्री मोठी शेकोटी पेटवत नाही. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे. न्यायला येणाऱ्या पालकांनी आदल्या रात्री मुक्कामाला येऊन काजवे पाहण्याचे ठरवले असेल, तर गाडी गावातच उभी करून चालत जावे आणि वनविभागाच्या त्या वर्षीच्या सूचना पाळाव्यात, ही कळकळीची विनंती आहे.

माझे मूल निघताना फार रडते, असे मागील वर्षी कळले. अशा वेळी काय करावे?

बहुतेक पालक गाडीतून उतरताच मुलाला हसवण्याचा प्रयत्न करतात, आइस्क्रीम कबूल करतात, किंवा "पुढच्या वर्षी परत येऊ ना" असे म्हणून विषय मिटवू पाहतात. थोडे थांबावे, एवढेच आमचे सांगणे आहे. मुलांना निरोपाची सवय नसते, कारण शाळेतील मित्र रोज पुन्हा भेटतात. येथे भेटलेला चंद्रपूरचा किंवा पणजीचा मित्र उद्या दिसणार नाही, हे त्यांना त्या गोलात बसल्यावर प्रथमच जाणवते.

दोन वर्षांपूर्वी नऊ वर्षांची एक मुलगी घडी घातलेल्या तंबूवर बसून राहिली आणि काही केल्या उठेना. वडील शेजारी उभे होते आणि अवघडले होते. स्वयंपाकघरातील मावशींनी तिला हाक मारली आणि म्हणाल्या, "बाय, माझे डाव मोजून दे, मला हिशेब लागेना." ती उठली, चौदा डाव तीनदा मोजले, प्रत्येकाचा दांडा पुसला, पेटीत ठेवले आणि मग स्वतःच वडिलांचा हात धरून गाडीकडे गेली. रडणे थांबले नव्हते, पण पाय निघाले होते. हाताला काम दिले, की मनाला सवड मिळते, हे आम्ही मावशींकडून शिकलो.

आणि माझे मूल निघताना मुळीच रडले नाही, तर त्याला शिबिर आवडले नाही असे समजावे का?

नाही. काही मुलांना तीन-चार दिवसांनी, एखाद्या संध्याकाळी अचानक बोलावेसे वाटते. त्या वेळी ऐकायला घरात कोणीतरी असावे.

न्यायला कसे यावे?

मुंबई-ठाण्याकडून येणाऱ्यांनी इगतपुरी-घोटीमार्गे बारी आणि तेथून भंडारदरा धरणालगतचे शेंडी गाव असा रस्ता धरावा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टाळणेही शक्य झाले आहे. इगतपुरीपासून शेंडी सुमारे ४५ किलोमीटर आहे. रस्ता वळणांचा असल्याने सव्वा ते दीड तास धरावा. पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर असा मार्ग सोयीचा आहे, आणि परतीच्या वाटेवर राजूरचे पेढे घेण्याची प्रथा आता मुलांनीच पाडली आहे. रेल्वेने येणाऱ्यांसाठी इगतपुरी स्थानकावरून आमची एक बस साडेअकराला सुटते. तिच्यासाठी आठ दिवस आधी कळवावे लागते.

एक सूचना गांभीर्याने घ्यावी. वेळेआधी पोहोचलेली कुटुंबे जलाशयाच्या काठावर जातात. मेच्या अखेरीस पाणी बरेच खाली गेलेले असते आणि उघड्या पडलेल्या गाळाचा वरचा थर वाळून भेगाळलेला दिसत असला, तरी खाली तो दलदलीसारखा मऊ असतो. तेथे उतरू नये आणि लहान भावंडांनाही उतरू देऊ नये. वेळ असेल, तर १९२६ साली बांधून पूर्ण झालेले धरण रस्त्यावरून पाहावे, किंवा रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरातील कोरीव काम पाहण्यास जावे.

पालकांनी पंगतीला यावे का?

ही पंगत मुलांची आणि तळावर काम करणाऱ्यांची असते. त्या दिवशी मावशी आणि दादा बसतात आणि मुले वाढतात. पालकांसाठी शेंडीत जेवणाची चांगली सोय आहे.

मुलाला न्यायला आजोबा, मामा किंवा शेजारी आले तर?

नोंदणी अर्जात ज्यांची नावे लिहून दिली आहेत, त्यांच्याच ताब्यात मूल दिले जाते. ओळखपत्र पाहिले जाते आणि वहीत सही घेतली जाते. फोनवरून ऐन वेळी दिलेले नाव स्वीकारले जात नाही. मूल समोरच्या व्यक्तीला "काका" म्हणून बिलगले, तरीही नियम बदलत नाही. यामुळे कोणाला ताटकळावे लागले, तर राग येणे स्वाभाविक आहे, पण ज्या पालकांना तासभर थांबावे लागले, त्यांनीही नंतर या नियमाला हरकत घेतलेली नाही.

हरवलेल्या वस्तूंचे काय होते?

सकाळी नाश्त्यानंतर एका दोरीवर सर्व बेवारस वस्तू वाळत घातल्याप्रमाणे मांडल्या जातात. दरवर्षी त्यात एकेरी मोजे सर्वांत जास्त असतात आणि कोणीही त्यांच्यावर हक्क सांगत नाही. वस्तूंवर नाव शिवलेले किंवा न पुसणाऱ्या शाईने लिहिलेले असावे, ही विनंती आम्ही म्हणूनच करतो. चष्मा, औषधे आणि चाव्या आम्ही टपालाने पाठवतो. इतर वस्तू ३० जूनपर्यंत सांभाळतो आणि त्यानंतर वापरण्याजोगे कपडे धुऊन वाड्यांमध्ये देतो.

मोबाइल घेऊन आलेल्या मुलांचे मोबाइल पालकांच्या हाती दिले जातात. तो मुलाला घाट उतरेपर्यंत देऊ नये, असे आम्ही सुचवतो. नऊ दिवसांचे सांगण्यासारखे सारे त्या पहिल्या दोन तासांतच ताजे असते.

घरी गेल्यावर आरोग्याच्या दृष्टीने काय पाहावे?

पहिल्या दिवशी आंघोळीच्या वेळी कानामागे, काखेत, गुडघ्याच्या मागे आणि केसांच्या मुळाशी गोचीड आहे का, ते पाहावे. असल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढून काढावी. तिच्यावर तेल किंवा रॉकेल ओतू नये, आणि चुरडूही नये. करवंदीच्या काट्यांचे ओरखडे बहुतेक सर्वांच्या हातांवर असतात आणि ते साबणाने धुणे पुरेसे असते. पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला, विशेषतः अंगावर कोठे काळी खपली धरलेला लहानसा डाग दिसला, तर डॉक्टरांना मूल जंगलाजवळ तंबूत राहून आल्याचे आवर्जून सांगावे. स्क्रब टायफससारखा आजार वेळेत ओळखला, तर औषधाने बरा होतो आणि निदानात ही माहिती फार उपयोगी पडते.

एक-दोन दिवस मूल खूप झोपेल. झोपू द्यावे.

मावशींना आणि दादांना आम्ही वैयक्तिक बक्षीस देऊ शकतो का?

रोख रक्कम हातात देऊ नये. ज्या मावशी समोर दिसतात, त्यांना मिळते आणि ज्यांनी पहाटे चारला चुली पेटवल्या, त्या मागच्या बाजूला असल्यामुळे राहून जातात. कार्यालयाबाहेर एक पेटी असते. तिच्यातील रक्कम सर्वांमध्ये सारखी वाटली जाते आणि वाटपाच्या वेळी सर्व जण हजर असतात. त्याहून चांगला मार्ग म्हणजे त्यांच्या घरचा तांदूळ, नाचणी, वरई किंवा लोणचे विकत घेणे. त्या दिवशी दुपारी फाटकाजवळ ही मंडळी आपला माल घेऊन बसतात. भावात घासाघीस करू नये.

मुले गेल्यानंतर त्या जागेचे काय होते?

शेवटची गाडी साधारण साडेतीनला निघते. त्यानंतर आम्ही सहा-सात जण पूर्ण मैदान हातात पोते घेऊन, एका ओळीत, सावकाश चालून पाहतो. गोळ्यांचे कागद, केसांच्या पिना, रबर, तुटलेली बटणे वेचतो, कारण पुढे येथे गुरे चरतात. या भागात, विशेषतः घाटघर-रतनवाडीकडे, पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणून तंबू आणि गाद्या गावातील एका घराच्या माळ्यावर, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवल्या जातात. तळाच्या चाऱ्या मोकळ्या केल्या जातात, जेणेकरून पहिल्या मोठ्या सरीचे पाणी अडणार नाही. तंबूंखाली दबून पिवळे पडलेले गवताचे चौकोन नऊ-दहा दिवस तसेच दिसत राहतात. सायंकाळी मावशी राखेचा डबा डोक्यावर घेऊन वाडीच्या वाटेला लागतात आणि फाटकाची किल्ली त्यांच्याच घरी, ऑक्टोबरपर्यंत, खुंटीला राहते.